मडमला हळद लागली

गौराबाईने गाडीला हळद लावली ती लग्नाची म्हणून नव्हे, औषध म्हणून. हे आधी सांगायला हवं, कारण नंतर लोकांनी त्याचे बरेच अर्थ काढले.

लोधिवलीला हमरस्त्यालगत मुंबईच्या एका शेठचा बंगला होता आणि बंगल्यामागे ड्रायव्हर गोमाचं घर. गोमाच्या मुलीचं, शकूचं, लग्न रविवारी होतं आणि शनिवारी सकाळी अंगणात हळद चालू होती. गौराबाई ही गोमाची आते, त्यासाठीच भिवपुरीहून आलेली. तिची नजर अधू झाली होती. माणसं तिला आवाजावरून ओळखावी लागत. मात्र कोणाला खरचटलेलं, सुजलेलं, मुरगळलेलं असलं की ते तिला लांबूनही दिसे. शकूला हळद लावून झाल्यावर वाटीत बरीच उरली. ती वाटी घेऊन गौराबाई फणसाच्या सावलीकडे वळली, कारण सावलीत कोणीतरी थोराड, गोरं आणि गप्प बसलेलं तिला दिसलं.

ती गाडी होती. कॅडिलॅक, सायीच्या रंगाची, अमेरिकेहून बोटीने आलेली. गावात तिला मडम म्हणत.

मडम इतकी लांब होती की तिच्यासाठी शेडला मागून पडवी काढावी लागली होती. आणि एवढ्या लांबीला दारं फक्त दोन. गावाला आधी याचं नवल वाटलं, मग गावानेच खुलासा केला: देवळाला तरी कुठे चार दारं असतात? तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. गोमा डावीकडे बसे आणि शेठ उजवीकडे हात बांधून. त्यामुळे गाडी आपल्या मनानेच चालली आहे असं समोरून येणाऱ्याला वाटे. चौकच्या बाजाराला निघालेल्या बायका ती आली की डोक्यावरची पाटी सावरून रस्त्याच्या कडेला थांबत. भीतीने नव्हे. इंजिनाचा आवाज येतच नसे. चाकाखाली खडी चिरडल्याचा तेवढा येई, आणि मग सायीच्या रंगाचं काहीतरी डोळ्यांसमोरून सरकत राही, सरकत राही, आणि संपलं की रस्ता एकदम रिकामा वाटे. हे सगळं उभं राहून बघायचंच होतं.

शेठ वारले, आणि दोन वर्षांनी बाईसाहेबांनी मडम विकायला काढली. गिऱ्हाईक म्हणून पुण्याचे एक डॉक्टर आले, शस्त्रक्रिया करणारे. बाईसाहेबांनी काही लपवलं नाही. डाव्या दारावर वीतभर ओरखडा होता, मागच्या मडगार्डला करवंटीएवढा पोचा आणि पुढच्या बंपरचा मुलामा एका टोकाला उडालेला. हे त्यांनी बोट ठेवून ठेवून दाखवलं. डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. गोमाने बॉनेट उघडलं होतं. रोज माणसांच्या आत बघणारा तो मनुष्य. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि हात पाठीमागे बांधून तो नुसता उभा राहिला.

"आहे तशी घेतो," डॉक्टर म्हणाले. "हे दोष मी पुण्याला दुरुस्त करून घेईन. मात्र नवा एकही नको."

"सोमवारपासून गाडी तुमची," बाईसाहेब म्हणाल्या. "रविवारी तिचं इथे एक काम आहे."

ते काम म्हणजे शकूची पाठवणी. शकू लहान असताना एकदा शेठनी तिला मागच्या सीटवर बसवलं होतं. गादीत ती इतकी खोल गेली की तिचे नुसते डोळे दिसत होते. "शेठ, ही गाडी कुटं जाती?" तिने विचारलं. "तुझ्या सासरी," शेठ म्हणाले. शेठ ते विसरले असतील. शकू विसरली नव्हती, गोमा विसरला नव्हता, आणि कुंभिवलीला शकूच्या सासरीही सगळ्यांना ते माहीत झालं होतं. त्यामुळे डॉक्टरांचा "नवा एकही नको" हा शब्द गोमाने इतका जपला होता की गेले काही दिवस तो मडमवर कावळासुद्धा बसू देत नव्हता. शनिवारी सकाळी तिला धुऊन, पुसून, सावलीत उभी करून तो चौकला झेंडूची फुलं आणायला गेला, तेवढाच काय तो गैरहजर होता.

तेवढ्यात गौराबाईचं बोट ओरखड्यावर पडलं.

"अगं बाय माजे," ती कळवळून म्हणाली, "कवाचं लागलंय हे? कुनी बघितलं नाय व्हय तुला?"

तिने तेलात कालवलेली हळद ओरखड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. मग हाताने चाचपत ती मागे गेली. मडगार्डचा पोचा हाताला लागल्यावर तिने मान हलवली. हा मुका मार. याला नुसती हळद पुरत नाही. तिने कनवटीच्या चंचीतून चुना काढला, तळहातावर हळदीत मळला आणि तो लालभडक लेप पोच्यावर थापून दिला.

"आतेनं मडमला हळद लावली!" अंगणातून कोणीतरी ओरडलं.

गोमाची बायको येसूबाई हातातलं ताट घेऊन धावत आली. तिने एकदा आतेकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. आते घरातली सर्वांत वडील. तिने केलं म्हणजे तशी रीत असणार.

"एकलीनं लावून ठिवू नये," येसूबाई म्हणाली. "पाच जनींनी लावाय पायजे. या गं!"

पाच जणी आल्या. पाच जणींनी लावल्यावर सहावीला मागे राहणं बरं दिसेना. मडमला हात लावायची संधी एरवी कोणाला मिळत नव्हती, हेही खरंच. एकीने दोन्ही दिव्यांना टिळे लावले, एकीने बॉनेटवर पाचही बोटं उमटवली, एकीने दाराच्या मुठीला आणि मग, मूठ थंडगार आणि गुळगुळीत लागली म्हणून, पुन्हा एकदा मुठीला.

गोमा फुलं घेऊन परतला तेव्हा मडम नखशिखांत पिवळी झाली होती. फुलं खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. पुढचं सगळं बोलणं त्याने ती हातात धरूनच केलं.

"आते, ह्ये काय केलंस?"

"वशाद लावलं. एवढी गाडी गाडी करता, नि तिला एवढं लागलंय ते कुनी बघितलं नाय."

"ती लोखंडाची हाय गं!"

"मंग? लोखंडाला लागत नाय?"

"नवा डाग नको म्हनलाय डाक्टर! परवा तो न्यायला येनार! आज नाय निघाली हळद तर उद्या शकूला बसवू का नको तिच्यात?"

गोमाचा धाकटा भाऊ नागू फडकं घेऊन पुढे झाला. पण मडमचा रंग वीस वर्षांचा जुना, उन्हापावसाने खडूसारखा भुरभुरीत झालेला. तेलाबरोबर हळद त्यात केव्हाच मुरली होती. फडक्याने ती निघाली नाही, फक्त ऐसपैस झाली. जिथे टिळा होता तिथे ढग झाला.

"दादा, सोडा," नागू म्हणाला. "धुन्याचा सोडा. समदं निघतं त्यानं."

हळदीच्या कपड्याला सोडा लागला की काय होतं ते अंगणातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. येसूबाईने "अवो, थांबा" म्हणून तोंड उघडलंही. पण नागूने घमेलंभर सोड्याचं पाणी तोवर दारावर ओतलं होतं.

दार लाल झालं. एकदम नाही, आधी ओरखडा लाल झाला, मग त्यातून लाल ओघळ निघाले, पायरीवर आले आणि तिथून एकेक थेंब मातीत पडू लागला.

हळदीचं लुगडं धुताना लाल होतं, हे त्या सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पण लुगडं लाल होणं निराळं आणि मडम लाल होणं निराळं.

"रगत," कोणीतरी हळूच म्हणालं.

"बघ, मी म्हनत व्हते," गौराबाई म्हणाली. "जखम जुनी हाय. आत मुरल्याली."

लोधिवलीचा रस्ता म्हणजे मुंबई-पुण्याचा रस्ता. त्यावरून गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. बंगल्याच्या फाटकाशी आधी गुराखी थांबले, मग एक बैलगाडी, मग वांग्यांचा टेंपो. मागून येणाऱ्याने पुढच्याला विचारायचं, "काय झालं?" पुढच्याने सांगायचं, "मडमला रगत आलं," आणि विचारणाऱ्याने पायताण काढून आत जायचं. कोणी उदबत्ती लावून बंपरच्या फटीत खोचली. बंपरचा मुलामा उडाला होता तिथेच ती नेमकी बसली. एका म्हाताऱ्याने नारळ आणला होता, पण तो फोडायचा कशावर हा प्रश्न पडला. मडमवर फोडायचं कोणाच्या मनात आलं नाही. तेवढी समज सर्वांना होती.

पुण्याहून आलेली एस.टी. गर्दीमुळे फाटकासमोर अडली. तिच्यातून एक गृहस्थ घाईघाईने उतरले. त्यांना उतरायचं तिथेच होतं, पण गर्दी पाहून त्यांनी बाह्या वर केल्या.

"वाट द्या, वाट द्या! मी डॉक्टर आहे. अपघात झालाय का?"

"वाट द्या रं, डाक्टर आलं!" लोकांनी वाट करून दिली. "मडमचा डाक्टर आला! पुन्याहून आलाय!"

"जखमी कुठे आहे?"

"ही काय, तुमच्या म्होरं."

डॉक्टर समोर बघत राहिले. सोमवारपर्यंत धीर धरवेना म्हणून ते दोन दिवस आधीच निघाले होते. नुसती पाहून जाऊ असं बायकोला सांगून. मनात मात्र मिळाली तर घेऊनच जाऊ असं ठरवून. वाटेत, घाट उतरताना, ते तिचा तो सायीचा रंग आठवत बसले होते. आता ती पिवळी होती आणि लाल होती, आणि तिच्या नाकाशी उदबत्ती जळत होती.

"गोमा," ते अगदी हळू म्हणाले.

गोमाने फुलं दुसऱ्या हातात घेतली. "सायेब, हळद हाय. नुसती हळद."

"हळद मला दिसतेय. वर काय ओतलंत?"

"सोडा," नागू म्हणाला आणि गोमाच्या मागे गेला.

डॉक्टरांचा चेहरा जरा सैल पडला. ते लोकांकडे वळले. त्यांना अशा वेळी समजावून सांगायची सवय होती. "हे पाहा, रक्त-बिक्त काही नाही. हळदीला सोडा लागला, चुना लागला, की ती लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी. आत्ता दाखवतो. कोणीतरी लिंबू आणा."

लोकांत कुजबूज झाली. "लिंबू मागतंय."

"डाक्टर झाला तरी लिंबूच लागतं म्हन."

"दिष्ट लागलीय हे वळखलं त्यानं."

लिंबू आलं. डॉक्टरांनी ते चिरलं आणि ओरखड्यावर पिळलं. रस जिथे जिथे ओघळला तिथे तिथे लाल रंग क्षणात मागे हटला आणि खालून स्वच्छ पिवळा वर आला. मोठा देखणा प्रकार होता. उन्हात तो बदल अगदी धारेसारखा पुढे सरकताना दिसत होता. हे कॉलेजात अनेकदा केलेले डॉक्टरही क्षणभर बघतच राहिले. मग त्यांनी मान वर केली.

"पाहिलंत?"

"पाहिलं!" सगळे एकदम म्हणाले. मागे कोणीतरी हात जोडले. "रगत थांबीवलं!"

नारळवाल्या म्हाताऱ्याने नारळ डॉक्टरांच्या पायाशी ठेवला. एका बाईने आपला गुडघा पुढे केला. डॉक्टर मागे सरकले ते मडमच्या बॉनेटला टेकले, आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर हळदीची पाच बोटं उमटली.

त्यानंतर मात्र त्यांचा धीर सुटला. "हे बघ गोमा, ही गाडी इथे आणखी एक तास ठेवायची माझी हिंमत नाही. किल्ली दे. पुण्याला माझा ओळखीचा रंगारी आहे, त्याच्याकडे नेतो."

"सायेब, उद्या…" गोमा म्हणाला आणि थांबला. मुंबईला परतलेल्या बाईसाहेबांनी सांगितलेलं उद्याचं काम डॉक्टरांनी ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं. आणि नवा डाग नको म्हटलं असताना मडमचं असं झाल्यावर कुठल्या तोंडाने मागायचं? त्याने कमरेची किल्ली सोडली.

शकू दारात उभी होती, अंगभर हळद लागलेली. तिने सगळं पाहिलं होतं. "बाबा, देऊन टाका," ती म्हणाली. "मी टेंपोतनं जाईन. वांग्याचा हाय न्हवं फाटकात? त्याला सांगा." आणि ती हसली. ते हसू इतकं बेताचं होतं की येसूबाईने पदर तोंडाला लावला.

किल्ली डॉक्टरांच्या हातात पडली. ते दाराची मूठ धरायला वळले, तर गौराबाई मडमच्या पुढच्या चाकाशी मांडी घालून बसली होती.

"आजी, जरा बाजूला व्हा."

"कुटं नेता तिला?"

"पुण्याला."

"लांब हाय. मदी घाट हाय. हळद लागल्याली पोर लगीन लागल्याबिगर शीव वलांडत नाय."

डॉक्टरांनी खोल श्वास घेतला. "आजी, लग्न तुमच्या नातीचं आहे. गाडीचं नाही."

"हळद लागली का नाय लागली?"

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, औषध म्हणून लावली?"

"मी वशाद म्हनून लावली. ह्या पाच जनींनी हळद म्हनून लावली." गौराबाईने मान वर केली. "तुमी डाक्टर. तुमाला ते वशाद मान्य हाय?"

"मुळीच नाही. जखमेवर असलं काही लावूच नये."

"मंग हळदच ऱ्हायली की."

मागे कोणीतरी खुसखुसलं. डॉक्टरांना पुष्कळ वर्षांनी तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं वाटलं.

"समजा," ते म्हणाले, "समजा मी म्हटलं, की ती हळदही नाही…"

"आत्ता चारचौगांत काय म्हनलात? रगत नाय, हळद हाय. लिंबू पिळून दावलंत. येवढ्या मान्सांनी पाहिलं." ती वळली. "काय रं, काय म्हनला डाक्टर?"

"हळद हाय म्हनला!" गर्दी म्हणाली.

डॉक्टरांनी घाटाकडे पाहिलं. घाट होता तिथेच, निळा आणि उभा. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण मंगळवारी त्यांना एक अवघड शस्त्रक्रिया करायची होती, आणि हळद लागलेली गाडी घेऊन, एवढ्या लोकांच्या डोळ्यांदेखत, त्या वळणांवर एकट्याने जाणं त्यांना एकाएकी फारसं शास्त्रीय वाटेना.

"लग्न कधी लागतं?" त्यांनी विचारलं.

"उद्या, उनं कलली की."

"आणि मग?"

"मंग काय? पोरीला कुंभिवलीला सोडा, नि मडमला घेऊन जा तुमच्या घरला. आमी कशाला अडवू?"

दारातली शकू आत पळाली. गोमाने आत्ता कुठे फुलं खाली ठेवली.

डॉक्टरांनी फक्त एक अट घातली. गाडीला कोणी हात लावायचा नाही. घासायचं नाही, पुसायचं नाही, वर कापड टाकायचं नाही. आहे तशी रंगाऱ्याला दाखवायची. गोमाने साध्या पाण्याने सोडा आणि चुन्याचा लेप तेवढा धुऊन काढला. फणसाखाली चुली मांडायच्या होत्या, म्हणून मडमला ढकलत विहिरीपलीकडे मोकळ्यावर नेऊन उभं केलं. तिथे सावली नव्हती. वैशाखाचं ऊन तिच्यावर सरळ पडत होतं. तिच्याभोवती दोरी बांधली, आणि दोरीपाशी नागूला बसवलं. सोड्याची शिक्षा म्हणून.

डॉक्टर बंगल्यात उतरले. ओसरीवर ते बसले आणि त्यांच्यापुढे रांग लागली. गुडघे, पाठी, एक गळू, एक जुना खोकला. मडमचं रगत थांबवणाऱ्या माणसाला आपला खोकला काय जड, असा सगळ्यांचा सरळ हिशेब होता. डॉक्टरांनी सर्वांना तपासलं. अधूनमधून ते खांबाला टेकून विहिरीपलीकडे बघत. मडमवर मृगजळ हलत असे आणि तिची लांबी त्यात आणखी लांब होई.

रविवारी लगीनघाईत मडमकडे बघायला कोणाला सवड नव्हती. वऱ्हाड आलं, जेवणावळ झाली, नवऱ्याकडच्या कोणाला पान मिळालं नाही म्हणून रुसवा झाला आणि फिटला. उन्हं कलल्यावर मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, ताशा वाजला. मग पाठवणीसाठी मांडव सगळाच्या सगळा विहिरीपलीकडे गेला, सर्वांत पुढे डॉक्टर.

ते दोरीपाशी थांबले.

मडम सायीच्या रंगाची होती. बॉनेटवरची पाच बोटं नव्हती, दिव्यांचे टिळे नव्हते, दारावरचा ढग नव्हता. मडगार्डच्या पोच्यात पोचाच होता. कलत्या उन्हात ती नुकतीच बोटीतून उतरल्यासारखी दिसत होती.

"नागू," गोमा खालच्या आवाजात म्हणाला, "काय लावलंस तिला?"

"आईच्यान दादा, मी दोरीच्या आत पाय ठिवला नाय."

डॉक्टर वाकले. त्यांनी दारावर नाक टेकवल्यासारखं जवळून पाहिलं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, तो विटतो. हे त्यांना आता, या क्षणी, उमगत होतं. सोडा त्यांना माहीत होता, लिंबू माहीत होतं, ऊन मात्र त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. एके ठिकाणी तेवढी हळद उरली होती. ओरखड्याच्या अगदी तळाशी, जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथे, केसाएवढी पिवळी रेघ.

"याचं कारण असं आहे," ते ताठ होत म्हणाले, "की सूर्यप्रकाशात…"

"लगीन लागलं," गौराबाई म्हणाली. "हळद उतरली. बसा आता, येळ व्हतोय."

सगळ्यांना ते पटलं. डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं, तोंड मिटलं आणि दार उघडलं.

पुढची सीट दुमडून, वाकून, शकू आणि तिचा नवरा हिरू मागे शिरले. शकू गादीत खोल गेली आणि मुंडावळ्यांखालून तिचे नुसते डोळे दिसू लागले. गोमाने आरशात ते पाहिलं आणि आरसा उगाच थोडा हलवला. डॉक्टर उजवीकडे बसले, शेठ बसत तिथे. मडम हलली, आवाज फक्त खडीचा झाला.

रस्त्यावरचे ट्रक स्वतःहून कडेला झाले. शेतातून घरी चाललेली माणसं बांधावर उभी राहिली आणि मान वळवत राहिली. कोणी ओरडलं नाही, कोणी हात केला नाही. डॉक्टर हात बांधून बसले होते. ही गाडी चालवायला घेतली होती त्यांनी. पण ती अशी, नुसती बसून, बघायची असते हे त्यांना त्या रस्त्यावर कळलं.

कुंभिवलीला वेशीवर वाजंत्री होती. हिरूची चुलती मडमच्या उजव्या अंगाला आली आणि ड्रायव्हरचा मान म्हणून कोरा टॉवेल आणि टोपी खिडकीतून डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. "गाडी लई हळू आनलीत हो, सुखरूप," ती म्हणाली. गोमा पुढे काही बोलणार, तोच डॉक्टरांनी टोपी डोक्यावर घातली.

लोधिवलीला परत येऊन, गोमाला फाटकाशी सोडून डॉक्टर पुण्याला निघाले, एकटे, डावीकडच्या सीटवर. निघताना बायकांनी मडमची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि एक खण पुढच्या सीटवर नीट मांडला. गोमाने मुठीवरून एकदा हात फिरवला आणि तो मागे झाला. येसूबाई शकूला सोडताना रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

दसऱ्याला मडम परत आली. फाटकात खडीचा आवाज झाला आणि गोमा भाकरी टाकून उठला. डॉक्टर नवीन गाडीसारखी गाडी घेऊन आले होते. पोचा गेला होता. बंपर आरशासारखा झाला होता आणि त्यात फणस उलटा दिसत होता. गोमा भोवती फिरला. डाव्या दारापाशी तो थांबला.

ओरखडा तसाच होता, आणि त्यात ताजी हळद भरलेली होती.

"रंग बसला नाय व्हय, सायेब?"

"बसतो की. रंगारी म्हणत होता, करतो म्हणून." डॉक्टर फणसाकडे बघत होते. "पण त्या खेपेपासून गाडीने एकदाही त्रास दिलेला नाही. उगाच कशाला छेडा? आमच्या आईने लावली असेल. आज दसरा ना."

गौराबाई भिवपुरीहून सणाला आली होती. तिने दाराशी येऊन ओरखड्यावर बोट ठेवलं आणि सावकाश फिरवलं. हळद कुठे कमी नव्हती, कुठे जास्त नव्हती; रेघ न डगमगता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"हात चांगला हाय तुमचा, डाक्टर," ती म्हणाली. "तेल जरा कमी घातलंय."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळपास गोमाशिवाय कोणी नव्हतं.

"किती घालायचं असतं?" त्यांनी विचारलं.